भाकरी हेच औषध, पण ती निर्भेळ हवी
सिलिॲक झालेल्या मुलांचे पथ्य घर, गिरणी, शाळा आणि गावाने मिळून कसे सांभाळावे

"पोरगं खातंय चांगलं, पण अंगी लागत नाही," ही तक्रार खेड्यापाड्यात नवी नाही. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखे, दिवसातून चार-पाच वेळा पातळ आणि दुर्गंधीयुक्त शौच, सततची चिडचिड आणि वयाच्या मानाने खुजेपणा. अशा मुलाला आधी जंताचे औषध दिले जाते, मग टॉनिकच्या बाटल्या होतात, मग दृष्ट काढली जाते. तरीही अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावर त्याची रेघ काही वर चढत नाही. बहुतेक वेळा यामागे अपुरा आहार, वारंवारचे जुलाब, जंत किंवा क्षय अशी कारणे असतात. पण काही मुलांच्या बाबतीत दुखण्याचे मूळ असते ते घरात रोज लाटल्या जाणाऱ्या गव्हाच्या पोळीत.

या आजाराचे नाव सिलिॲक. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रियाही नाही. गहू आणि जव यांपासून कायमचे दूर राहणे हाच एक इलाज. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ पिकवणाऱ्या आपल्या भागाला हा इलाज अवघड वाटू नये. आणि तरीही अनेक घरांत तो फसतो. पोळी बंद होते, पण गव्हाचे पीठ दुसऱ्या वाटेने मुलाच्या ताटात येतच राहते. त्या वाटा कोणत्या आणि त्या बंद कशा करायच्या, हे समजून घेणे गरजेचे आहे.

गव्हात असे आहे तरी काय?

शेतात गव्हाचे कच्चे दाणे खाताना आपण अनेकांनी लहानपणी एक गंमत केली आहे. दाणे बराच वेळ चघळत राहायचे. पिठूळपणा विरघळून जातो आणि तोंडात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो चिवट भाग म्हणजे ग्लूटेन. ते एक प्रकारचे प्रथिन आहे. त्यामुळेच गव्हाची कणीक ताणली जाते, पोळी फुगते आणि पाव जाळीदार होतो. ज्वारीच्या पिठात ते नसते, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळून हाताने थापावे लागते.

बहुतेक माणसांना ग्लूटेनचा काही त्रास होत नाही. मात्र काहींच्या शरीराची घडण जन्मतःच अशी असते की ग्लूटेन आतड्यात गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा बिथरते आणि आपल्याच आतड्यावर हल्ला करते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातील सत्त्व रक्तात शोषून घेण्याचे काम ती करते. सिलिॲकमध्ये ही लव झिजून सपाट होते.

शेतकऱ्याला हे सहज उमजेल. पिकाची पांढरी मुळी चालली नाही, तर वरून कितीही खत आणि पाणी दिले तरी पीक पिवळेच राहते. तेथे खताचा डोस वाढवून उपयोग नसतो, मुळी का कुजली ते पाहावे लागते. सिलिॲकच्या मुलाचेही तसेच आहे. तूप, बदाम, टॉनिक सारे वाया जाते. गहू थांबला की आतड्यातली ही लव हळूहळू पुन्हा उगवते आणि खाल्लेले अंगी लागू लागते.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही. तो आईच्या दुधामुळे किंवा कोणाच्या चुकीमुळेही होत नाही. आणि ज्याला हा आजार नाही, त्याने घाबरून गहू सोडण्याचे कारण नाही.

भुकेच्या हिवाळ्यात उमगलेले सत्य

या आजाराचे सविस्तर वर्णन इंग्लंडमधील डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ साली केले. खाण्यातून काही साधले तरच हा आजार बरा होईल, असा त्यांचा अंदाज होता. पण नेमके काय टाळायचे ते त्यांना उमगले नव्हते.

ते शोधले हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. गहू बंद करून पाहण्याचे प्रयोग त्यांनी १९३० च्या दशकातच सुरू केले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पावाचा तुकडा मिळेना, लोकांनी ट्यूलिपच्या फुलझाडांचे कंदही खाल्ले. मात्र त्या काळात सिलिॲकची मुले सुधारलेली दिसली आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा ढासळली. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध मांडला आणि गहू हेच कारण असल्याचे जगापुढे आणले.

भारतात हा आजार पंजाब, हरियाणा, राजस्थान, दिल्ली या गहू खाणाऱ्या पट्ट्यात अधिक दिसतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत प्रौढांमधील त्याचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळले. विशेष म्हणजे या आजाराला पूरक असणारा आनुवंशिक गुण तिन्ही भागांतील लोकांत जवळपास सारख्याच प्रमाणात होता. फरक होता तो गहू किती खाल्ला जातो यात. आपल्याकडेही एकेकाळी पोळी सणासुदीलाच होत असे. आता रेशनचा गहू, मुलांच्या हातातले बिस्कीट, टोस्ट, खारी आणि पाव यांमुळे गहू रोजचाच झाला आहे. त्यामुळे हा उत्तरेकडचा आजार, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही.

तपासणीआधी गहू बंद करू नका

बाळाला सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते. रव्याची खीर, दुधात बुडवलेले बिस्कीट, कुस्करलेली पोळी पोटात जाऊ लागते. त्यानंतर काही महिन्यांत, बहुधा दोन वर्षांच्या आत, अनेक मुलांमध्ये लक्षणे दिसू लागतात. पण हा आजार कोणत्याही वयात प्रकट होऊ शकतो आणि दर वेळी जुलाब होतातच असे नाही. पुढील गोष्टी दिसल्या तर मनात शंका आणावी :

उंची आणि वजन न वाढणे. रक्तवाढीच्या गोळ्या देऊनही रक्त न वाढणे. पोट फुगणे, वारंवार पोटदुखी, उलट्या. कधी याउलट बद्धकोष्ठता. तोंडात सारखे छाले येणे. हाडे ठिसूळ होणे. वयात येण्यास उशीर होणे. ज्या मुलांना लहानपणीचा मधुमेह किंवा थायरॉईडचा आजार आहे, त्यांच्यात सिलिॲकची शक्यता अधिक असते. घरात एकाला हा आजार निघाला, तर आईवडील व सख्खी भावंडे यांचीही तपासणी करून घ्यावी. जवळच्या नात्यात शंभरात सात-आठ जणांना तो आढळतो आणि त्यातल्या कित्येकांना काहीही त्रास जाणवत नसतो.

पहिली तपासणी रक्ताची. तिला टीटीजी तपासणी म्हणतात. ती सदोष आली तर बहुधा दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीक तुकडा घेऊन तपासला जातो. रक्तातील प्रमाण फारच जास्त असेल, तर काही मुलांत बालरोगतज्ज्ञ दुसरी रक्त तपासणी करून दुर्बिणीशिवायही निदान करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात या सोयी असतीलच असे नाही. तेथील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. कोणीतरी सांगितले म्हणून तपासणीच्या आधीच गहू बंद करू नये. गहू बंद झाला की रक्तातील खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि आजार असूनही तपासणी चांगली येते. मग नक्की काय आहे हे कळण्यासाठी त्या मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालावा लागतो. पथ्य जन्मभराचे आहे. ते अंदाजाने सुरू करायचे नाही आणि अंदाजाने सोडायचेही नाही.

सोडण्याचा धोका तर मोठाच आहे. पथ्य सुरू झाले की काही आठवड्यांतच जुलाब थांबतात, मूल हसू-खेळू लागते. सहा महिन्यांत गालावर तेज येते. मग कोणीतरी म्हणते, "आता बरं झालंय की, द्या थोडी पोळी." पोळी दिली आणि लगेच काही झाले नाही, की घरच्यांचा धीर वाढतो. पण आतड्याची झीज आत सुरूच होते आणि वर्षभरात वाढ पुन्हा खुंटते. रक्तातील दोष पुरता उतरायलाच वर्ष-दोन वर्षे लागतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सहा महिने ते वर्षाने उंची, वजन आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी.

काय चालते, काय चालत नाही?

चालणारी धान्ये आपल्या शेतात आणि बाजारात भरपूर आहेत. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, वरई म्हणजे भगर, राळा, राजगिरा हे सारे चालते. सर्व डाळी आणि कडधान्ये, भाज्या, फळे, दूध, दही, अंडी, मासे, मटण, शेंगदाणे, तीळ, गूळ, तूप हेही चालते. उपवासाचे म्हणून आपण जे खातो, ते साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, रताळे हे मुळातच ग्लूटेन नसलेले आहे.

न चालणाऱ्यात गव्हाची सर्व रूपे येतात : कणीक, रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया. पाव, बिस्कीट, टोस्ट, खारी, केक, नूडल्स, समोसा, पाणीपुरीच्या पुऱ्या हेही त्यातच आले. जव चालत नाही, त्यामुळे सातूचे पीठही वर्ज्य. दुधात घालायच्या अनेक पावडरींत जवाचा माल्ट असतो, त्याही नकोत. ओट बहुधा गव्हाबरोबर हाताळलेले असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

खपली गव्हाविषयी मोठा गैरसमज आहे. खपली पचायला हलकी, जुनी, देशी, म्हणून ती चालेल असे अनेकांना वाटते. बन्सी गव्हाबद्दलही असेच सांगितले जाते. पण खपली असो, बन्सी असो, सेंद्रिय असो की संकरित, शेवटी तो गहूच. सिलिॲकच्या मुलाला यांपैकी एकही चालत नाही.

काही पदार्थांत गहू लपून बसलेला असतो. बाजारच्या हिंगाच्या डबीत बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवरील घटक वाचावेत. शंका आली तर सरळ लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी. थालीपीठाच्या भाजणीत गहू घालण्याची अनेक घरांत रीत आहे. विकतची शेव, फरसाण आणि कटलेट यांतही मैदा असू शकतो. पाकीटबंद मालावर "ग्लूटेनमुक्त" लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा देशातील अन्नसुरक्षा यंत्रणेचा नियम आहे. अशी बिस्किटे आणि पीठे महाग असतात. ती न घेताही मुलाचे उत्तम चालते.

खळ्यापासून गिरणीपर्यंत

"एवढ्याशा पिठानं काय होतंय?" हा प्रश्न घरोघरी येतो. त्याचा हिशेब पाहा. एका मध्यम पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असते. परदेशात झालेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेल्यावर रुग्णांच्या आतड्यावर परिणाम दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा सुमारे पन्नासावा-साठावा भाग. एवढे पीठ तर परातीच्या कडेला चिकटून राहते.

म्हणून काळजी शेतातूनच घ्यावी लागते. रब्बीची ज्वारी आणि गहू थोड्याफार अंतराने खळ्यावर येतात आणि गावात मळणी यंत्र बहुधा एकच असते. आधी गहू मळला असेल तर यंत्रात अडकलेले दाणे ज्वारीत उतरतात. मुलासाठी ठेवायची ज्वारी गव्हाच्या आधी मळून घ्यावी. ते जमले नाही तर यंत्र झाडून घ्यावे आणि पहिली एक-दोन पोती बाजूला काढून ती घरच्या इतरांसाठी ठेवावीत. वर्षाला लागणारी दोन-तीन पोतीच असतील, तर कणसे काठीने बडवून घेणे सर्वांत चांगले. पोते नवे किंवा स्वच्छ धुतलेले वापरावे. गव्हाचे जुने बारदान झटकून त्यात ज्वारी भरू नये. पोत्यावर खूण करावी आणि कणगीही वेगळी ठेवावी. दळणाआधी धान्य निवडावे, पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे.

यानंतर येते गिरणी, आणि बहुतेक घरांचे पथ्य येथेच मोडते. आधीचे दळण पुढच्या दळणात थोडे मिसळते, हे बायाबापड्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणून तर "माझा गहू गव्हावरच टाका हो, बाजरीवर नको" असे त्या गिरणीवाल्याला सांगतात. तीच दक्षता येथे उलट्या बाजूने घ्यायची आहे. गव्हाच्या चक्कीवर ज्वारी दळली तर ती भाकरी या मुलासाठी बिघडलीच.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे घरघंटी आणि तीही फक्त या मुलाच्या धान्यासाठी. घरात जुने जाते असेल तर तेही घासून, धुऊन वापरता येते. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागामार्फत घरगुती पिठाच्या गिरणीसाठी अनुदानाच्या योजना अनेकदा राबविल्या जातात. पंचायत समितीत त्याची चौकशी करावी. बचत गटाने एक चक्की केवळ ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळासाठी राखून ठेवली, तरी दोन-चार गावांतील अशा मुलांची सोय होईल. मात्र गटाने तपासणी केल्याशिवाय पाकिटावर "ग्लूटेनमुक्त" असे छापू नये.

यांपैकी काहीच शक्य नसेल, तर गिरणीवाल्याला विश्वासात घ्यावे. ज्वारी-बाजरीची वेगळी चक्की असेल तिच्यावर, सकाळी पहिले दळण आपले असावे. चक्की झाडून घ्यावी, आधी दोन-तीन किलो तांदूळ किंवा ज्वारी दळून ते पीठ इतरांसाठी बाजूला काढावे आणि मग मुलाचे दळण टाकावे. यामुळे भेसळ कमी होते, पूर्ण जात नाही. म्हणून हा तात्पुरता उपाय समजावा.

आधी भाकरी, मग पोळी

घरात दोन स्वयंपाक करणे कष्टाचे आहे आणि ते कष्ट बहुधा एकट्या आईवर पडतात. शक्य असेल त्या घराने गहू बंदच करून सर्वांनी भाकरी-भात खावा. घरात गहूच आला नाही, तर बाकीचे सांभाळणे फार सोपे होते. ते जमत नसेल तर पुढील नियम पाळावेत.

मुलाची भाकरी आधी करावी आणि गव्हाची कणीक नंतर भिजवावी, कारण कोरडे पीठ हवेत उडून सगळीकडे बसते. परात, चाळणी, पोळपाट, लाटणे आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा. लाकडी पोळपाटाच्या आणि चाळणीच्या फटींतून पीठ निघत नाही, त्यामुळे नुसते धुऊन भागत नाही. तवा वेगळा असावा. मुलाचा डबा वरच्या फळीवर ठेवावा, म्हणजे वरचे पीठ त्यात सांडणार नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात मुलाचे पापड तळू नयेत. भाकरी थापताना चिकटू नये म्हणून गव्हाचे पीठ लावू नये. पोळी खाल्लेल्या हाताने मुलाला घास भरवू नये.

शाळेत जाणाऱ्या वयात मुलालाच शिकवावे. "मला गहू चालत नाही, त्यानं मी आजारी पडतो," हे वाक्य त्याला न लाजता म्हणता आले पाहिजे. आणि चुकून काही खाल्ले तर मारू नये, रागावू नये. मार पडणार असे वाटले की मूल लपवायला शिकते आणि मग तब्येत का ढासळली ते कळतच नाही.

नुसत्या भातावर भागणार नाही

गहू बंद झाला की अनेक घरांत मुलाला तिन्ही त्रिकाळ भात आणि मध्ये बटाट्याचे वेफर सुरू होतात. हे पथ्य झाले, पण आहार सकस झाला नाही. अशक्त आतडे सावरण्यासाठी लोह, कॅल्शियम, प्रथिने आणि चोथा सारे लागते.

लोहासाठी बाजरी, हिरव्या पालेभाज्या, हरभरा, मटकी आणि तीळ द्यावेत. त्यासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू दिला तर लोह चांगले शोषले जाते. जेवताना किंवा जेवणानंतर लगेच चहा दिला तर त्यात अडथळा येतो. कॅल्शियमसाठी नाचणीसारखे धान्य नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हाच्या कित्येक पट. चोथ्यासाठी ज्वारी चांगली, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीचे नाव तर सर्वदूर आहे. प्रथिनांसाठी रोज दाट वरण किंवा उसळ, शेंगदाणे, दही आणि चालत असेल तर अंडे द्यावे.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत आतड्याला इजा असल्याने काही मुलांना दूध पचत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध कमी करून दही-ताक द्यावे. आतडे भरून आले की दूध पुन्हा चालू लागते. लोह, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या पूर्ण कराव्यात.

एका दिवसाचा साधा नमुना असा ठेवता येईल. सकाळी नाचणीची आंबील किंवा तांदळाचे घावन आणि एक केळे. दुपारी ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, लिंबाची फोड आणि ताक. संध्याकाळी शेंगदाणा-गुळाचा किंवा राजगिऱ्याचा लाडू, नाहीतर उकडलेले रताळे. रात्री मऊ भात, उसळ, दही किंवा अंडे. यातली एकही वस्तू शहरातून आणावी लागत नाही.

सणावारालाही मुलाचे ताट रिकामे राहू नये. तांदळाच्या पिठीचे उकडीचे मोदक, तिळगूळ, बेसनाचे लाडू, तांदळाची खीर, हरभऱ्याच्या डाळीच्या पुरणाचे तांदळाच्या पिठीतले धिरडे, सारे घरचेच आहे. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचा हुरडा पोटभर खाऊ द्यावा. गव्हाच्या ओंब्या मात्र नाहीत.

अंगणवाडी, शाळा आणि पंगत

घराबाहेर या मुलाची गाठ पडते ती अंगणवाडीशी. घरी न्यायच्या पाकिटात काय आहे ते सेविकेने पालकांना वाचून दाखवावे. गहू असेल तर ते पाकीट या मुलाला देऊ नये आणि पर्यवेक्षिकेकडे पर्याय मागावा. तक्त्यावर ज्या मुलाचे वजन पोषण आहार देऊनही वाढत नाही, त्याच्याकडे पुन्हा पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी अशा मुलाला पथकासमोर आवर्जून न्यावे आणि "सिलिॲकची शंका आहे का?" असे स्पष्ट विचारावे.

शाळेचा पोषण आहार आपल्या राज्यात मुख्यतः तांदळाचा आहे, ही या मुलांच्या पथ्याची बाब. मात्र खिचडीत पडणारा हिंग आणि मसाला कोणता, हे मुख्याध्यापकांनी पाहावे. पूरक आहार म्हणून बिस्कीट वाटले जाते, तेव्हा या मुलाला केळे किंवा चिक्की द्यावी, रिकाम्या हाताने बसवू नये. डबे वाटून खाण्याची सवय चांगली असली, तरी याचा डबा याचाच राहू द्यावा. आश्रमशाळा आणि वसतिगृहात मुलाला घालताना डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत अधीक्षकांकडे द्यावी आणि भाकरी-भाताची सोय लेखी मागून घ्यावी.

लग्न, वास्तुशांत आणि भंडारा यांच्या पंगतीत अडचण अधिक येते. तेथे आग्रह हा मान समजला जातो. "घे रे, देवाचा प्रसाद आहे, त्यानं काही होत नाही," असे म्हणून शिऱ्याचा घास मुलाच्या तोंडात घातला जातो. प्रसाद नाकारण्याचे ओझे लहान मुलावर टाकू नये. त्याच्यासाठी फळ, खडीसाखर किंवा खोबरे ठेवले तर त्याचाही मान राहतो आणि पथ्यही. पंगतीला निघण्याआधी मुलाला घरी जेवू घालावे, सोबत त्याचा डबा ठेवावा.

मुलगी असेल तर आणखी एक भीती घरच्यांना असते : हे उघड झाले तर पुढे लग्न जमेल का? या भीतीपोटी आजार लपवला जातो आणि लपवण्यापोटी पथ्य मोडले जाते. वस्तुतः पथ्य पाळणारी मुलगी इतरांसारखीच वाढते, शिकते, कष्ट करते आणि पुढे संसारही करते. पथ्य मोडले तर मात्र रक्त कमी होते, हाडे कमजोर होतात आणि पुढे बाळंतपणातही अडचणी येतात.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी गावच्या आरोग्य व पोषण समितीच्या एका बैठकीत हा विषय घ्यावा. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गावात निदान झालेले मूल किती, कोणत्या शाळेत, त्याची गिरणीची सोय काय, एवढी नोंद पालकांच्या संमतीने ठेवली तरी पुष्कळ काम होईल. गिरणीवाला, खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि मळणी यंत्राचे मालक या तिघांना समजावून सांगितले तर मुलापर्यंत गहू पोहोचण्याच्या बहुतेक वाटा बंद होतात. रेशनवर गव्हाबरोबर तांदूळही मिळतो. घराने तांदळाचा वाटा आधी या मुलासाठी राखावा.

ज्या शेतकऱ्याच्या घरी असे मूल आहे, त्याने येत्या हंगामात गुंठाभर नाचणी आणि थोडी ज्वारी खास त्याच्या नावाने पेरावी. जमीन कोरडवाहू असली तरी चालते. मोठ्या आजाराचे औषध महागड्या दुकानात असते, हा आपला नेहमीचा अनुभव. हे औषध मात्र आपल्याच बांधाआड पिकते. ते खळे, गिरणी आणि चूल पार करून मुलाच्या ताटात निर्भेळ पोहोचवायचे, एवढेच आपल्या हाती आहे आणि तेवढे पुरेसे आहे. ज्यांच्या घरी वजन न वाढणारे मूल असेल, त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी त्याला सोबत घेऊन आरोग्य केंद्रात दाखवून यावे. आणि त्या दिवसापर्यंत त्याच्या ताटातली पोळी तशीच चालू ठेवावी.